माकडाचा आकडा, पाखराचा आवाज

संवर्धनाच्या जगात जातींची तुलना रोज होते आणि तिच्यावर पैसे ठरतात. राखीव क्षेत्र कुणाच्या नावानं मागायचं, फलकावर कुणाचं चित्र लावायचं, अनुदान कोणत्या अभ्यासाला द्यायचं, हे शेवटी कुणीतरी दोन नावं शेजारीशेजारी ठेवूनच ठरवतं. निकष दोनच असतात: उरले किती, आणि लोकांना आवडतात किती. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला या निकषांवर सिंहपुच्छ माकड कायम जिंकत आलं आहे. त्याच डोंगररांगांत, पण त्याच्याहून वरच्या अंगाला राहणारं शोलाकिळी नावाचं चिमणीएवढं गाणारं पाखरू कुणाच्या खिजगणतीतही नाही. माझा आक्षेप निकालाला नाही, मोजपट्टीला आहे. दोघांचं रान तुकड्यातुकड्यांत वाटलं गेलं. त्याची खूण माकडाच्या वागण्यावर उमटली आणि पक्ष्याच्या गाण्यावर. शिरगणतीत यातलं काहीच नोंदलं जात नाही.

माकड तसं ओळखीचं. काळंकुळकुळीत अंग, तोंडाभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. लिनीयसनं १७५८ सालीच त्याला शास्त्रीय नाव देऊन टाकलं. केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटक या तीन राज्यांतल्या पश्चिम घाटाबाहेर ते जगात कुठेही रानात सापडत नाही. त्याची उत्तरेकडची हद्द सिरसी-होन्नावरच्या जंगलांपाशी संपते. सगळी मिळून चार हजारांच्या आसपास आणि त्यांतली प्रौढ अडीच हजारांहूनही कमी, असा अंदाज आहे. मादीला पहिलं पिल्लू व्हायला सहा-साडेसहा वर्षं लागतात आणि दोन पिल्लांमध्ये अडीच-तीन वर्षांचं अंतर असतं. एखादी टोळी शिकाऱ्यांनी साफ केली, तर ती भरून यायला माणसाची निम्मी हयात जाते.

या माकडाच्या नावावर एक मोठा विजय जमा आहे. १९७०च्या दशकात केरळच्या वीज मंडळाला सायलेंट व्हॅलीत कुंतिपुळा नदीवर धरण बांधायचं होतं. त्यातून १२० मेगावॉट वीज मिळणार होती. स्टीव्हन ग्रीन आणि करेन मिन्कोव्स्की या अभ्यासकांनी त्याच सुमारास या माकडाचं रान पालथं घातलं आणि सलग, मोठं सदाहरित जंगल राहिलं नाही तर हा प्राणी राहणार नाही, असं मांडलं. केरळ शास्त्र साहित्य परिषद, कवयित्री सुगतकुमारी, सालिम अली अशी माणसं प्रकल्पाविरुद्ध उभी राहिली. ‘माणसं महत्त्वाची की माकडं’ हा टोमणा तेव्हा सर्रास ऐकू येई. टोमणा मारणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही, की ते त्या माकडाची फुकटात प्रसिद्धी करत होते. १९८३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९८५ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दरी वाचली ती तिथल्या बेडकांसाठी, आमरींसाठी किंवा नदीसाठी नव्हे. निदान वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तरी ती माकडासाठी वाचली.

आता पाखराकडे येऊ. नीलगिरी, पळणी, अनामलै या डोंगरांच्या माथ्यावर, साधारण चौदाशे मीटरच्या वर, गवताळ उतारांच्या बेचक्यांत बुटक्या, दाट, शेवाळलेल्या झाडांची रानं असतात. त्यांना शोला म्हणतात. आत शिरलं की भरदुपारी सांज झाल्यासारखं वाटतं. जमिनीवर कुजक्या पानांचा ओला थर असतो आणि त्या थरावर हे करड्या-निळ्या रंगाचं, लांब पायांचं पाखरू टुणटुणत किडे टिपत असतं. पळणीकडच्या जातीचं पोट पांढरं, नीलगिरीकडच्या जातीच्या कुशी तांबूस. पाखरू दिसायची मारामार. एखादी सावली ओंडक्यामागे सरकली की तेवढंच दर्शन. पण एप्रिल-मेमध्ये, विणीच्या दिवसांत, ते उजाडताना गायला लागतं आणि या अंगापिंडाच्या पाखराकडून अपेक्षा करू नये इतकं लांब, वळणावळणाचं गाणं ऐकू येतं. शास्त्रज्ञांनाही त्याला कुठे बसवावं हे दीडशे वर्षं नीट कळलं नव्हतं. हिमालयातल्या आखूडपंखी पक्ष्यांच्या गोत्रात त्याला ढकलून दिलेलं होतं. २०१७ मध्ये व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकं, गाणं आणि बांधा तपासून दाखवलं की हे माशीमार कुळातलं, फक्त याच डोंगरांत घडलेलं स्वतंत्र गोत्र आहे. शोलाकिळी हे नाव तेव्हापासूनचं. त्याच कामातून दक्षिणेकडच्या अशांबू टेकड्यांमधली एक नवी जातही पुढे आली.

या डोंगरमाथ्यांना अभ्यासक आकाशबेटं म्हणतात. माथ्यावर गारवा आणि ढग, खाली उष्ण दऱ्या. शोलाकिळीला दरी ओलांडणं म्हणजे समुद्र ओलांडणं. पालघाटची खिंड तीस-चाळीस किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या दोन बाजूंची पाखरं लाखो वर्षांपूर्वीच एकमेकांपासून तुटली. सेंगोट्टैची खिंड सात-आठ किलोमीटरचीच, पण तिनंही तेच केलं. या फाळण्या निसर्गाच्या आणि जुन्या. त्यांच्यात भर पडली ती गेल्या दीड-दोनशे वर्षांत चहाच्या मळ्यांनी आणि निलगिरी, वॅटल या परदेशी झाडांच्या लागवडींनी केलेल्या फाळण्यांची.

संवर्धनाच्या पुस्तकांत एक आवडतं गृहीतक असतं: मोठा, देखणा प्राणी वाचवला की त्याच्या छत्राखाली बारकी मंडळी आपोआप वाचतात. या दोघांच्या बाबतीत ते छत्र चक्क बुटकं पडतं. सिंहपुच्छ माकडाचं घर सदाहरित जंगलाच्या मधल्या पट्ट्यात. फणस, उंबर आणि कुलेनियाची काटेरी फळं जिथे पिकतात तिथे. ही झाडं विरळ होत जातात त्या उंचीवर त्याची हद्द संपते आणि साधारण तिथूनच पुढे शोलाकिळीची सुरू होते. सायलेंट व्हॅलीचा वरचा भाग शोलांपर्यंत पोचतो ही गोष्ट वेगळी. तो भूगोलाचा योगायोग. माथ्यावरचं एरविकुलम १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं ते नीलगिरी ताहर या रानबकऱ्यामुळे. म्हणजे शोलाकिळीला जिथे कुठे संरक्षण आहे तिथे ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावरचं आहे, आणि ज्या शोलांत ना ताहर ना माकड, तिथे तिच्या बाजूनं बोलणारा कागदोपत्री कुणीच नाही.

तरीही केवळ उपेक्षेची तक्रार करायची असती तर हा लेख लिहायची गरज नव्हती. दुर्लक्षित जातींची यादी हवी तेवढी लांबवता येते. मुद्दा वेगळा आहे आणि तो या दोन प्राण्यांच्या गळ्यांत दडलेला आहे.

माकड जन्मतःच आपला आवाज घेऊन येतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला: लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडांची पिल्लं जपानी माकडांच्या आयांकडे आणि जपानी पिल्लं ऱ्हीससच्या आयांकडे वाढवली गेली. पिल्लांनी परक्या घरातलं बरंच काही उचललं, पण आवाज मुख्यतः आपल्याच जातीचे काढले. कोणता आवाज कधी काढायचा हे थोडंफार शिकावं लागतं. आवाज शिकावा लागत नाही. गाणाऱ्या पक्ष्यांचं उलटं. विल्यम थॉर्प यांनी १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये चॅफिंच पक्ष्याची पिल्लं एकांतात वाढवली, तेव्हा ती मोठेपणी गायली, पण मोडकंतोडकं. गाण्याचा सांगाडा अंगात होता, गाणं नव्हतं. ते मोठ्या नरांकडून ऐकून, मनात साठवून, महिनोन्‌महिने घोटून यावं लागतं. म्हणून पक्ष्याची एक पिढी दुसरीला दोन गोष्टी देते: अंड्यातून जनुकं आणि कानातून गाणं. पहिलीचा वारसा आईबापांकडून येतो. दुसरीसाठी आसपास गाणारी शेजारीपाजारी मंडळी असावी लागतात.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीच्या सहा वस्त्यांमधल्या ३८ पक्ष्यांची ८३५ गाणी तपासली गेली. काही वस्त्या प्राचीन दऱ्यांनी विभागलेल्या, काही अलीकडच्या जंगलतोडीनं. गाण्याची उंची, लांबी, लय अशा ढोबळ मापांनी पाहिलं तर तीन मोठे गट पडले आणि त्यांतून जुन्या दऱ्यांनी केलेली विभागणीच दिसली. पण घशातले स्नायू वापरून घ्यायच्या अवघड हरकतींची नोंद वेगळी काढली, तेव्हा जंगलतोडीनं नुकत्याच तुटलेल्या वस्त्याही एकमेकींपासून अलग झाल्या. जनुकांत ज्यांच्यातला फरक दिसत नाही, अशा वस्त्यासुद्धा या हरकतींवरून ओळखता येतील, असं अभ्यासकांनी सुचवलं. जनुकं बदलायला हजारो पिढ्या जातात. गाण्याला काही मोजक्या पुरतात. चहाचा मळा मध्ये आला आणि या शोलातली पाखरं त्या शोलातल्या पाखरांना ऐकेनाशी झाली, की दोघांची गायकी आपापल्या वाटेनं जाते. शिरगणती करणारा अधिकारी दोन्हीकडे ‘उपस्थित’ अशी खूण करून खाली उतरतो.

आता माकडाचा तुकडा पाहू. अनामलैच्या पठारावर वालपराई नावाचं चहाच्या मळ्यांचं गाव आहे. १८९०च्या दशकापासून तिथलं जंगल उतरवून चहा लावला गेला. मध्ये मध्ये रानाचे तुकडे राहिले. त्यांतला पुदुथोट्टमचा तुकडा जेमतेम ९२ हेक्टरांचा, गावाला खेटलेला. पुस्तकी हिशेबानं या प्राण्यानं तिथे कधीच संपायला हवं होतं. तो संपला नाही, उलट वाढला. टोळ्या फुगल्या, फुटल्या, आणि आज तिथे दीडशेहून अधिक माकडं आहेत. त्यांनी काय केलं? ती झाडावरून खाली उतरली. ज्या प्राण्याबद्दल ‘शेंडा सोडत नाही’ असं लिहिलं जाई, तो जमिनीवर बसून किडे शोधू लागला, कॉफीची फळं आणि सावलीसाठी लावलेल्या परदेशी झाडांची फळं खाऊ लागला. पुढे रस्ता ओलांडू लागला, कौलं सरकवून स्वयंपाकघरात शिरू लागला, कचराकुंडी उघडायला शिकला. गाड्यांखाली मरू लागला तेव्हा नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या मंडळींनी वन खात्याच्या सोबतीनं रस्त्यावरून या झाडाहून त्या झाडाला जुन्या अग्निशामक नळ्यांचे झुलते पूल टाकले. माकडांनी तेही वापरायला घेतले. दोन पट्ट्यांमधून हात-पाय काढत, शेपूट आडवी धरून, पोटाशी पिल्लू घेतलेली मादी खालच्या बसकडे न बघता पलीकडे जाते.

हे यश आहे की नाही? आकडा म्हणतो, ‘आहे’. मला तेवढं खात्रीनं म्हणवत नाही. माकडांत मादी जन्मटोळीत राहते आणि नर वयात आला की दुसरीकडे जातो. तुकड्याभोवती चहाच असेल तर तो जाणार कुठे? रक्त तेच ते फिरत राहतं. आणि या जुळवून घेण्याची किंमत माकडापेक्षा भलतीच माणसं भरतात. ज्या मजुराच्या चाळीची कौलं फुटतात, पावसात घर गळतं, तो या जातीचं आंतरराष्ट्रीय महत्त्व ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतो. आज पुदुथोट्टमच्या आसपास जी सहनशीलता टिकून आहे ती मजुरांच्या चांगुलपणावर आणि स्थानिक पहारेकऱ्यांच्या कष्टांवर. लाल तोंडाच्या माकडांचं आपल्या शहरांत, देवस्थानांत जे झालं, ते पाहता ही सहनशीलता गृहीत धरणं शहाणपणाचं नाही.

यावर एक हरकत येते आणि ती फेटाळून लावण्याजोगी नाही. गाणं बदललं तर बिघडलं काय? पक्षी जिवंत आहे, अंडी घालतो आहे. भाषा बदलतात, तशी गाणीही बदलोत. हरकत बरोबर आहे, पण अर्धीच. गाणं हे पक्ष्याचं हौसेचं काम नव्हे. नर त्यानं हद्द राखतो आणि मादी मिळवतो. ते ओळखू आलं नाही तर संसारच मांडता येत नाही. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर या पिवळ्या-काळ्या पक्ष्याचं हे घडताना दिसलं. तो काहीशे उरला आहे आणि प्रचंड मुलखात विखुरला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं की १२ टक्के नर आपल्या जातीचं गाणं गातच नव्हते; ते भलत्याच जातींची गाणी गात होते, कारण कोवळ्या वयात त्यांच्या कानी आपल्या जातीचं गाणं पडलंच नव्हतं. असं वेगळं गाणाऱ्यांना जोडीदार मिळणंही कठीण जात होतं. सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात मग पिल्लांना जुन्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं ऐकवली गेली. त्यानं फारसं साधलं नाही. आपल्याकडे नुसत्या ध्वनिफितींवर गवई तयार होत नाही, समोर बसून घेतलेली तालीम लागते. तिथेही शेवटी रानातले गाणारे नर आणून पिल्लांशेजारी ठेवावे लागले, तेव्हा गाणं उतरू लागलं. शोलाकिळी त्या टोकाला गेलेली नाही. पण वाट तीच आहे, आणि तिच्यावर किती पुढे गेलो हे डोकी मोजून कळत नाही.

माकडांच्या बाजूनं ब्राझीलच्या सोनेरी तामरिनचा दाखला देतात. आकारानं खारीएवढं हे माकड १९७०च्या दशकात दोनशेच्या घरात आलं होतं. १९८४ पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली माकडं रानात सोडण्यात आली. त्यांना हलत्या फांदीवर तोल सांभाळता येईना, सालीखालचा किडा शोधता येईना, बरीचशी मेली. पण जी जगली त्यांची रानात जन्मलेली पिल्लं मात्र सहज रुळली. हरवलेलं कसब एका पिढीत परत आलं, कारण फांदी आणि किडा तिथेच होते आणि पिल्लू त्यांच्याकडूनच शिकलं. आज तिथल्या रानातली सुमारे एक तृतीयांश माकडं त्या सोडलेल्यांची वंशज मानली जातात. माकडाचं हरवलेलं ज्ञान रानातून परत मिळू शकतं. पाखराचं हरवलेलं गाणं रान परत देऊ शकत नाही. ते फक्त दुसऱ्या पाखराच्या गळ्यात असतं. तिथे शेवटचा गाणारा गेल्यावर उभं केलेलं जंगल उशिराचं ठरतं.

म्हणून दोघांना एकच औषध देऊन भागत नाही. आणि सगळ्यांत लाडकं औषध म्हणजे झाडं लावा. वालपराईत ते चालतं: दोन तुकड्यांमध्ये देशी झाडांचे शेंडे पुन्हा जुळले, मळ्यात सावलीला सिल्व्हर ओकऐवजी रानातली झाडं राहिली, तर झुलत्या पुलांची गरज कमी होईल आणि नरांना पुढे सरकता येईल. माथ्यावर हेच औषध विष ठरलं. इंग्रजांना तिथलं गवत ओसाड वाटलं आणि स्वतंत्र भारतालाही ते तसंच वाटलं. त्यावर वॅटल, निलगिरी आणि पाइन लावले गेले. पळणीच्या डोंगरांत चार दशकांत दोन तृतीयांश गवताळ प्रदेश नाहीसा झाला. महाराष्ट्रानं यावर नाक मुरडू नये. माळढोकाच्या माळरानांना आणि कोकणातल्या सड्यांना पडीक ठरवून त्यांवर खड्डे खणण्याचा उत्साह आपल्या वृक्षलागवड मोहिमांनीही कमी दाखवलेला नाही.

आता पळणीत वॅटल काढून गवत परत आणण्याची भाषा सुरू आहे, आणि नेमका इथे गुंता आहे. जुन्या वॅटलच्या सावलीत कित्येक ठिकाणी शोलाची रोपं आपणहून उगवली आहेत. गवतावर जगणाऱ्या पक्ष्यांना वॅटल जायला हवा. पण जिथे त्याच्याखाली शोला उभा राहतो आहे तिथे तो सरसकट आडवा केला, तर शोलाकिळीचे दोन तुकडे जोडू शकणारी सावलीच जाईल. उपग्रहाच्या चित्रात कुठे काय आहे ते ढोबळपणे दिसेल. पण कोणत्या उतारावर कुऱ्हाड चालवायची आणि कोणत्या ओहोळाकाठी हात आवरायचा, हे ठरवायचं तर विणीच्या दिवसांत पहाटे तिथे ध्वनिमुद्रक ठेवावे लागतील आणि दोन्ही बाजूंच्या शोलांतली पाखरं अजून एकमेकांसारखी गातात का, ते तपासावं लागेल. यंत्रं आता महाग राहिलेली नाहीत आणि ती महिनोन्‌महिने झाडाला टांगून ठेवता येतात. वन विभागाच्या कार्य आयोजनेत वाघांसाठी कॅमेऱ्याची तरतूद असते, तशी यासाठीही करता येईल. पुदुथोट्टमला मात्र हाच पैसा झाकणाच्या कचराकुंड्यांवर, मजुरांच्या फुटक्या कौलांवर आणि पहारेकऱ्यांच्या पगारावर लागायला हवा, कारण तिथलं माकड कौलांवर आणि कुंड्यांवर जगायला शिकलेलं आहे आणि हे शिक्षण आता पिल्लांकडे चाललं आहे.